लाल फुलीचे दाते

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती आभारबाई, त्यांचे यजमान, आणि बाहेर चहा तयार आहे हे ठाऊक असूनही जागेवर बसून राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो!

निरोपाचं भाषण मला करायला सांगितलं, तेव्हाच मला संशय आला. मी या संस्थेचा तपासनीस. माझ्या तोंडून कुणाबद्दल चांगला शब्द निघाल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. बघू या तरी याची कशी फजिती होते, असा तुमच्यापैकी कुणाचा तरी डाव असणार. असो.

प्रमुख पाहुण्यांनी आत्ताच आपल्या अहवालातली एक ओळ मोठ्या कौतुकानं वाचली. आपल्या संकेतस्थळावर देणगी देणाऱ्या दर दहांपैकी सात पुरुष असतात म्हणे. साहेब, क्षमा असावी, पण सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं, तेव्हा बाई पदराआड हसत होत्या. का हसल्या असतील?

आपल्याकडे दात्याचं नाव आणि फोन बँकेच्या खात्यावरून आपोआप येतात. नाव बघून आपण ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ लिहून मोकळे. मग बाई एकेकाला फोन करून आभार मानतात, म्हणून त्या आभारबाई. गेल्या वर्षी त्यांच्या वहीत मला काही नावांपुढे लाल फुली दिसली. फुली म्हणजे फोन नाही. एकाच पानावर अकरा फुल्या. अकराही पुरुष. आणि अकराही जणांची देणगी एकाच कामाला : शाळा अर्धवट सुटलेल्या, आता पोरंबाळं असलेल्या बायकांची परीक्षेची फी.

माझ्या मनात पाल चुकचुकली. अकरा पुरुषांना एकदम एवढा कळवळा? अहो, मी स्वतः पुरुष आहे! आपली बायको कितवीपर्यंत शिकली, हे आमच्यापैकी किती जणांना धड सांगता येईल?

मी बाईंना विचारलं, “हे दाते खरे आहेत का?”

“खरे आहेत.”

“मग फोन का नाही?”

“शब्द दिलाय,” त्या म्हणाल्या. “तुम्हीही करू नका. हात जोडते.”

आता तुम्हीच सांगा, तपासनिसाला कुणी हात जोडले तर त्याचा संशय कमी होईल की वाढेल? मी जागेवर जाऊन पहिल्याच नावाला फोन लावला. पलीकडचे गृहस्थ खेकसले, “देणगी? मी? दमडी दिलेली नाही मी कुणाला!” सापडली चोरी! त्याच दुपारी मी अध्यक्षांकडे अर्ज दिला, की बाई खोटे दाते उभे करतात. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. अध्यक्षांनी खुलासा मागितला. बाई गप्प. बत्तीस वर्षांची नोकरी डागाळून घरी जायची तयारी, पण तोंडातून ब्र काढला नाही. त्या गप्प बसण्याचाही मी सोयीचा अर्थ काढला.

तिसऱ्या दिवशी कार्यालयाच्या पत्त्यावर मेल आली. एका बाईची. “खातं यांच्या नावावर आहे, पैसे माझ्या शिकवण्यांचे होते. फोन करू नका असं देणगीसोबत लिहिलं होतं ना मी? आता यांनी पासवर्ड बदललाय. यापुढे जमणार नाही. आभारबाईंना नमस्कार.”

मी ती मेल उभ्यानंच वाचली. मग बाईंनी सगळी वही माझ्यापुढे सरकवली. पानोपानी फुल्या. आणि सहाव्या पानावर एक नाव. माझं.

घरी गेलो. सौभाग्यवती कपड्यांच्या घड्या घालत होत्या. म्हटलं, “मला सांगितलं का नाहीस?”

हात न थांबवता म्हणाली, “तुम्ही पावती मागितली असती.”

हसा, हसा. खरंच मागितली असती. तिनं नववीत शाळा सोडली, हेही मला त्या दिवशी कळलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती.

अर्ज मी मागे घेतला. अध्यक्षांनी मोठ्या मनानं तो फाडला. बाईंनी हा प्रकार कुणाला सांगितला नाही, म्हणून आज मी सांगतोय. साहेब, त्या सात पुरुषांवर माझा विश्वास नाही. अध्यक्ष महोदय, पुढचा अहवाल छापण्याआधी तो स्त्री-पुरुषाचा रकाना काढून टाकावा, ही माझी लेखी सूचना समजावी.

बाई, तुमचे आभार मानायचे तर कुठल्या तोंडानं मानू? तुम्ही मला माफ केलंत, हे मला माहीत आहे; तुमचा स्वभावच तसा. आयोजकांचे आभार, पाहुण्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं पोटात घालावं. मात्र त्या एका फोनची माफी तुमच्याकडे मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची, त्यांना मला फोन करता येत नाही.