तिन्ही याद्यायले चूलबंद आवतन

आभाळ सकाळपासून गच्च, पान्याचा थेंब नाई, वारा नाई, आमच्या जाम गावच्या चौकातला ट्रकचा धूर जागचा हलून नाई राह्यला... आन अशा उकाड्यात मी कॉम्पुटरसमोर घामानं निथळून राह्यलो, काऊन? तं एका यादीपायी! अवो, तुमाले सांगतो, शाळेची पायरी नाई चढलो मी, पन यादी मले समजते! गावातल्या लग्नायच्या याद्या तोंडपाठ माह्या! कोनाले एकट्याले बलवाचं, कोनाले चूलबंद, म्हंजे त्याच्या घरची चूलच पेटाची नाई, सारं घर आपल्या इथं जेवाले!

आमची पोरगी सपना हिंगणघाटले मास्तरीण. फावल्या वेळात कॉम्पुटरवर मराठी अक्षरं दिसाले जे सॉफ्टवेअर लागते, ते बनवून फुकट वाटाचं काम करते. देशोदेशीचे लोक मिळून बनवतेत, कोनी कोनाचं तोंड नाई पाह्यलं, सारा कारभार कॉम्पुटरवरच्या पत्रायवर, यादीवर एक पत्र टाकलं का त्या यादीतल्या साऱ्यायले जाते! त्याच्या तीन याद्या: बनवनारे, वापरतानी अडलेले, आन नुसते आयकनारे. चार वर्सं झाले, तिन्ही सांभाळते आमची सपना!

तं तिचा फोन आला, "बापू, परीक्षेचं काम लागलं, आज मी घरी येत नाई. कॉम्पुटर चालूच आहे, हिरालालकाकाले म्हना, यादीवर टाका, सपना उद्या भेटन."

हिरालाल म्हंजे आमचे शेजारी, पोस्टातून रिटायर, इंग्रजी पक्कं. म्हने, "पुंडलिकराव, याद्या तं तीन दिसतेत. कोनती?"

आता सांगा! एकाले कळवाचं आन दोघायले टाळाचं? माहा चुलतभाऊ प्रेमदास एका लग्नाच्या यादीतून सुटलता, अजून आमच्या घरचं पानी पेत नाई! यादी मले समजते! म्हटलं, "तिन्हीले! चूलबंद!"

"चूलबंदले इंग्रजीत काय लिवू?"

"जसं आहे तसं लिवा ना!"

लिवलं. सपना उद्या भेटन, तवपर्यंत कोनी चूल पेटवू नये.

बापा! पत्रावर पत्र! हिरालाल वाचून राह्यले, "हा इचारते, चूल म्हंजे सॉफ्टवेअरचा कोनता भाग? हा म्हनते, माह्या इथं पेटली, आता काय करू? हा म्हनते, माहं नाव काढा... आन हेबी त्यानं साऱ्यायलेच पाठवलं!"

सपनाले फोन केला. ती हळूच म्हने, "बापू, तिन्हीवर? अवो, एकच पत्र तिन्हीवर टाकलं का नाव कटते. नियम माहाच आहे. मांगच्या महिन्यात एकाचं मीच काटलं."

चार वर्सायची पोरीची इज्जत, आन बापानं एका चुलीत घातली! देवाले हात जोडले, म्हटलं, काटाचं तं माहं नाव काट... पन माहं नाव कोनत्या यादीत आहे? यादी मले समजते म्हने!

हिरालालनं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आन माह्याकडे वळून म्हने,

"पुंडलिकराव, पोरीचं नाव नाई कटलं. एकानं तुमची चूल दुरुस्त करून पाठवली. म्हनते, आता पेटवून पाहा."