हळद लावलेला नमुना

विज्ञान नमुन्यावर उभं असतं. जनावरांच्या दवाखान्यात मरोदा गावच्या देवाजी-मैनाबाईंचा नमुना डब्यात होता: अंगणातल्या टाक्यात मेलेली मासोळी.

“अवं मैना, तपासाले आणलेल्या मासोळीले हळद-मीठ कावून लावलं?”

“ऑटोत वास सुटला असता. लोकं तुमालेच बोलले असते.”

“आता डॉक्टर काय चाखून सांगन, विष का रोग?”

“तुमीच खाऊन पाहतो म्हणत होते! म्हणून तर इथं आणलं.”

“बाकीच्या तरी वाचल्या पाहिजे.”

डॉक्टरबाईंनी डबा उघडला आणि हळद पाहून बंद केला.

“बाबाजी, टंकी किससे धोई?”

“ब्लीचिंग पावडरनं. हिले शेवाळाचा वास सहन होत नाही ना.”

“मले कावून नाही सांगितलं जी?”

“करू दिलं असतं काय? तुमची कंबर दुखते म्हणून ओरडली असती.”

उरलेल्या मासोळ्यांना फक्त ब्लीचिंग नसलेलं, बोअरचं ताजं पाणी हवं होतं.