संघटनेची घरातली गोष्ट

माजं नाव सुनंदा. माहेर कोरेगाव तालुक्यातलं, सासर पण तिथलंच, मालक मिलिटरीतनं रिटायर झाल्यात आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण हुते, आता मी पण रिटायर. आण्णा, म्हंजी माजं वडील, ते पण प्राथमिक शिक्षक. त्यांच्या तरुणपणी मास्तर म्हंजी काय हुता ते तुमाला कसं सांगू, गावात पुढाऱ्याकडं पाव्हणं आलं की मास्तरनं शाळा सोडून सतरंज्या टाकायच्या, लग्नात पंगतीला वाढायचं, कुणी सायेब यायचा म्हणलं की सायकल मारत कोंबडं आणायला जायाचं. आण्णा एकदा न्हाई म्हणलं. झाली बदली, पार डोंगरात, जितं पावसाळाभर एस.टी. जात न्हवती.

तवा ही मास्तरांची संघटना उभी ऱ्हायली. आण्णांसारखी माणसं रविवारी सायकलीवरनं शाळा शाळा फिरली, एकेका मास्तराला म्हणाली, आरं तू नोकर हायस पण गडी न्हाईस. संप झाला तवा आण्णा जेलात गेलं. आई भाकरी बांधून साताऱ्याला जायाची, मी तिच्या संगं, आणि जेलाच्या दारात मास्तरांच्या बायका वळीनं बसलेल्या असायच्या, ज्याच्या घरनं डबा आला न्हाई त्येला दुसरीच्या डब्यातनं जायाचं. पगार वेळेवर व्हाय लागला, पेन्शन आली, बदलीला नियम आला, ते सगळं त्या माणसांनी मिळवलं. हे मी नाकारत न्हाई. पुढचं ऐकल्यावर तुमी म्हणशीला बाई संघटनेची वैरी हाय, म्हणून आदी सांगून ठेवलं.

नोकरी लागली त्याच दिवशी मी सभासद झाले. आण्णांनीच केलं. मोर्चाला गेले, धरण्याला बसले, अधिवेशनाला मालक रजेवर असताना पोरं त्यांच्या गळ्यात टाकून गेले. महिला आघाडीत हुते.

मग वैशाली आली. हे नाव खरं न्हाई बरं का, तुमी लिवणार म्हणून बदललंय. आष्ट्याची पोरगी, नवीन नेमणूक, आमच्या शाळंत मी आणि ती दोघीच शिक्षिका. पोरं लगेच तिच्या अंगाखांद्यावर. आणि आमचा केंद्रप्रमुख, म्हंजी धा-बारा शाळा ज्याच्या हाताखाली असत्यात तो सायेब, तो संघटनेचा तालुक्याचा मोठा पदाधिकारी. त्याचं आमच्या शाळेला येणं वाढलं. शनिवारी सकाळची शाळा असती, पोरं घरला गेली की हा यायचा. मला म्हणायचा, बाई तुमी जावा, तुमची एस.टी. चुकंल, मी नवीन बाईंचं काम तपासतो. मी म्हणायची, चुकू दे. आणि खिचडीचं तांदूळ घिऊन तितंच निवडत बसायची. मी लग्नाकार्याला रजेवर गेले आणि त्यानं डाव साधला. तिचा हात धरला, दार लोटून घेतलं. पोरगी ढकलून पळाली, चपला वर्गातच ऱ्हायल्या, अनवाणी फाट्यापर्यंत पळत आली.

दुसऱ्या दिवशी मला सांगताना ती रडत न्हवती, नुसतं म्हणत हुती, बाई माजं काय चुकलं. मला अजून ते ऐकू येतंय.

मी तिला घिऊन साताऱ्याला संघटनेच्या हापिसात गेले. कुटं जाणार दुसरीकडं? आमचंच हापिस ते, जेलात बसलेल्यांचं फोटो भिंतीवर, त्यात आण्णा. अध्यक्षांनी चहा मागवला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, सुनंदाताई, आण्णांची लेक तुमी, घरातली गोष्ट घरातच ऱ्हाऊ द्या, मी त्याला समज देतो. म्हणलं, माज्या घरात असला माणूस न्हाई. मग त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, संघटना सभासदाच्या पाठीशी ऱ्हाती, उद्या विरोधी गट याचं भांडवल करंल. मी म्हणलं, ही पोरगी पण सभासदच हाय, हिच्या पाठीशी कोण? ते फोन घ्यायला उठलं ते परत आलंच न्हाईत.

मग महिला आघाडीची बाई माज्या घरी आली, हळदीकुंकवाच्या निमतानं. म्हणती, आवं नवीन पोरी लय बोलक्या असत्यात, त्यांचं त्यास्नी कळत न्हाई. मी तिला कुंकू लावलं आणि दार दाखवलं.

आमी जिल्हा परिषदेच्या तक्रार समितीकडं गेलो. त्या दिवसापासनं प्रशिक्षणाला गेले की माज्या बाकावर कुणी बसायचं न्हाई. ज्या बायांची बाळंतपणाची रजा मी भांडून मिळवून दिल्ती, त्या डबा उचलून पलीकडं. आमच्या दोघींविषयी असलं काय काय उठवलं, ते तोंडानं सांगवत न्हाई. मालक फक्त येवढंच म्हणाले, आता माघारी फिरू नकोस. पण आण्णा? आण्णांकडं अध्यक्ष सोता जाऊन आल्तं. मी माहेरी गेले तर आण्णा सोप्यात बसल्यालं, माज्याकडं न बगता म्हणाले, संघटना फोडू नकोस, रक्त आटवलंय आमी. मी म्हणलं, आण्णा, सतरंज्या टाकायच्या न्हाईत म्हणून आटवलं न्हवं? मग ह्या पोरीनं काय टाकायचं? ते उठून रानात गेलं. आई म्हणाली, तू जेवून जा. मी न जेवताच आले.

चौकशीला आसपासचं मास्तर बोलवलं. कुणी काय बगितलं न्हवतं, कुणाला काय म्हाईत न्हवतं. वैशाली माज्याशेजारी थंडगार बसल्याली. आता संपलं सगळं, असं मला वाटत हुतं, तवर दारात एक बाई येऊन हुबी ऱ्हायली. वयानं माज्याहून मोटी, वळख ना पाळख. तिला कुणी बोलवलं न्हवतं. म्हणाली, मी त्याच्या हाताखाली आदी हुते, माज्यासंगं पण त्येनं हेच केलं, आणि तवा संघटनेनं मला गप बसवलं. बोलताना ती एकदा पण थांबली न्हाई.

त्याचं पद गेलं, इन्क्रिमेंट थांबली, दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. येवढंच. नोकरी गेली न्हाई. आणि तिथं गेल्यावर त्याच्याच माणसांनी त्याचा सत्कार केला, अध्यक्षांच्या हस्ते. ह्याला मी न्याय म्हणत न्हाई. तुमी पण तसं लिवू नका.

वैशालीला आंतरजिल्हा बदली मिळाली, ती सांगली जिल्ह्यात गेली, घराजवळ. आता शाळेची मुख्याध्यापिका हाय. तिच्या वर्गात पोरं अजून अंगाखांद्यावरच असत्यात म्हणती.

आण्णा जाईपर्यंत मला म्हणाले न्हाईत की तू बरोबर हुतीस. पण त्या चौकशीनंतर ते शाखेच्या एकाही सभेला गेलं न्हाईत. इच्यारलं तर म्हणायचे, गुडघे दुखत्यात. रानात मात्र चालत जायाचे.

माज्या निरोपाला संघटनेची माणसं शाल नारळ घिऊन आल्ती, मी हात पुढं केला न्हाई. परवा एक तरुण मास्तर आला, चांगला पोरगा, म्हणाला, संघटनेचा इतिहास छापतोय, आण्णांचा फोटो द्या. म्हणलं देते की, पण वैशालीचं पण छापशीला का? तो म्हणाला, बाई ते कसं छापायचं. मग मी फोटो दिला न्हाई.

संघटना मोडावी असं मला आजही वाटत न्हाई. मोडली तर परत पोरींनी सतरंज्याच टाकायच्या. पण माफ करा म्हणाल तर ते माज्यानं व्हायचं न्हाई, तसंच घिऊन जाईन. ती न बोलवता येऊन बोललेली बाई कुटं असंल तितं सुखी असू दे. तुमी लिवा. पोरीचं नाव मी बदललंयच, गाव तुमी बदला. माजं हाय तेच ऱ्हाऊ द्या.