सोडा शेवटाला

— तिथंच. उंबऱ्याच्या आत आलास तेवढं बास, म्होरं पाऊल टाकू नको. चप्पल राहू दे पायात, लगीच जायचंय तुला. अन् जयभीम घालू नको मला, व्यंकट — म्होरच्या खोलीत पावणं बसल्यात, बौद्धाचार्य आल्यात, सुनंचं माहेर मुरुमवरनं जीप भरून आलंय, अन् तू आमच्या मागल्या गल्लीत हातात पिशवी घेऊन घुटमळतोस? कुणी बघितलं असतं म्हंजी? म्हणून आत वढलं तुला, पावणचार करायला न्हाय. शरम कशी वाटली न्हाय रे? नातीचं नामकरण हाय माझ्या. कुणी बोलावलं तुला? कुणीच न्हाय. गुळाला मुंगळा, दुसरं काय!

हे? हे कॉकटेल हाय. बघ, बघ, डोळं कसं चमकलं! थेंब न्हाय त्यात दारूचा. काळ्या द्राक्षाचा रस, आल्याचा रस, लिंबू, साखरेचा पाक, जरासा पुदिना ठेचून — अन् वरनं गार सोडा. सुनंच्या, रोहिणीच्या भावानं मोबाइलवर दाखवलं, हे उंच गिलास बी त्यानंच आणलं पुण्यावरनं. सोडा शेवटाला ओतायचा म्हणं, गिलास तिरका धरून, काठाकाठानं. आधी ओतला की फेस मरतो अन् नुसतं सरबत उरतं. म्हणून म्या हितं अडकले, न्हायतर आज म्होरं बसायचा मान माझा व्हता. सकाळधरनं दोघीतिघी नाक मुरडून गेल्या — मुक्ताबाईच्या घरात कॉकटेल? घ्या म्हणलं वास, नाक बुडवून घ्या! आता तू म्हणशील, मग सरबतच का न्हाय केलं? अमरदीपसाठी. चार माणसांत माझ्या लेकाच्या हातात बी कायतरी फसफसणारं असावं. नाकात बुडबुडं जावं, घशाला चरचरावं, अन् तेवढ्यावर भागावं त्याचं. आई काय काय करती बघ. अन् दोस्त काय करतो, ते बी बघ.

हात लावू नको! लिंबाला बी नको. तुझा हात लागला ते सगळं नासलंय. हायवेला माझ्या लेकाचं मोटार वायंडिंगचं दुकान, बाजूला तुझं ग्यारेज — तिथंच नशीब फुटलं आमचं. कुणाचा बी पंप जळू दे, लोकं अमरदीपचं नाव घेऊन यायची. अन् सांज झाली की तू शटर वाजवायचास. चल की, जरा बसू. जरा! त्या जराजरापायी सून पोटुशी असताना निघून गेली, लेकरू माहेरात झालं. तिला आणायला म्या मुरुमला किती खेटं घातलं, माझं मला ठाव. दिवाळीपासनं शिवला न्हाय गं, माझी आन हाय, म्हणलं. अन् न्हायच शिवला — म्हंजी ते मागल्या महिन्यात तारेच्या बंडलामागं गावलं, ते म्या मोरीत वतलं, ते काय धरायचं न्हाय — काय बघतोस? काय बोलले म्या? काय न्हाय बोलले.

ती आली, पर एका बोलावर आली. आत्या, म्हणली, चार माणसांत त्यांनी पाचवं शील तोंडानं म्हणावं. मोठ्यानं. मग म्या माझी बॅग उघडते, न्हायतर जीप हायच दारात. तुला वाटल, त्यात काय एवढं? मी दारू पिणार न्हाय — तोंडाची वाफ, कुणी बी म्हणल. तू म्हणशील रे, पिऊन म्हणशील! अमरचं तसं न्हाय. पीत व्हता तवा बी पुनवंला विहारात बसायचा. जीव घेणार न्हाय, चोरी करणार न्हाय, वाकडं वागणार न्हाय, खोटं बोलणार न्हाय — चारी शीलं खड्या आवाजात. अन् पाचव्याला तोंड मिटून गप. म्या कोपरानं ढोसायचे. तर म्हणायचा, आई, पाचवं मोडलंच हाय माझ्याकडनं, खोटं म्हणून आता चवथं कशाला मोडू? लोकं हसायची. मला मातर — सांगू नये, पर सांगते — आतनं बरं वाटायचं. बेवडा असल, पर इमानी हाय माझं पोरगं, बाटवला ह्या व्यंकटनं.

पिशवी काढू नको वर, खुळखुळ आवाजावरनं कळतंय काय हाय ते. काय? कुणी सांगितलं आणायला? जीभ झडल तुझी! अमर फोन करल तुला? आज? दाखव. चष्मा न्हाय माझा... फोटू त्याचाच हाय. लेकरू मांडीवर घेतलेला. अन् काय म्हणला? पावणं गेलं की मागल्या दारानं ये? घेऊन ये? — खोटं. बिलकूल खोटं. तूच लावला असशील त्याला फोन, तूच —

गप! सुरू झालं म्होरं. आता थांबच तू. कान उघडून ऐक, अन् मग तुझा फोन गटारीत टाकून घरला जा. हा घोगरा आवाज हाय न्हवं, तो त्याचाच. पहिलं झालं. ती बाटली दे इकडं — सोड्याची रे, तुझी न्हाय! पाचवं झालं की लगीच गिलास म्होरं गेलं पायजेल. दुसरं. तिसरं. कसा घुमतोय बघ, आख्ख्या खोलीत एकट्याचा आवाज! चवथं. आता बघ —

पाचव्याला रोहिणीचा आवाज आला. तिच्या भावाचा आला. बायकांचा आला. ... तुला आला का रे ऐकू? ह्या फेसाच्या आवाजात मला नसल आला. तुझं कान तरणं हायत, तू सांग. मान खाली घालू नको. सांग की.

न्हाय बोलला खोटं. आज बी न्हाय बोलला.

तुला शिव्या घालून घालून दिवस काढलं रे म्या, व्यंकट. चूल पेटवताना तुझं नाव घ्यायचे, भाकरी थापताना तुझंच नाव. त्यात जीव लागला व्हता माझा. आता कुणाला घालू शिव्या? माझ्या पोटाला?

— आले गं रोहिणी! आणते, भरतेच हाय गिलास! बस तू, उठू नको, बस म्हणलं न्हवं!

नीघ तू. कडी काढलीय. नीघ.