ओल्या शिवणीचा पोळपाट

ऐका रे. जवळ सरका, नि तो कंदील जरा बारीक करा. वरच्या वाडीचा तातोबा मेस्त्री माहीत आहे ना? हां, तोच. हात कमी, तोंड जास्त. भाचीच्या साखरपुड्यात व्याह्यांपुढं छाती फुगवून म्हणाला, "रुखवताचा पोळपाट मामाच्या हातचा!" आणि मग आठ महिने लोळत पडला. लग्न परवावर आलं, तेव्हा गडी शिवणीचं झाड तोडायला धावला!

आता ओलं लाकूड वाळवायचं कसं? फळ्या पाडायच्या, चिरू नयेत म्हणून टोकांना शेण फासायचं, सावलीत पट्ट्यांवर रचायच्या, नि सहा महिने हात लावायचा नाही. गुणाजी मेस्त्रीनं, ह्याच्या गुरूनं, दहा वर्षं हेच घोकून घेतलं. दगडापुढं बोलला असता तरी चाललं असतं.

तो गुणाजी त्याच दिवशी वारला. संध्याकाळी जाळला. नि ह्या दीडशहाण्याला काय सुचलं, ऐका! चितेच्या निखाऱ्यावर फळी ठेवली की रातोरात वाळेल. थू! गुरूच्या चितेवर! अंधार पडल्यावर फळी खांद्यावर टाकून निघाला ओढ्याच्या वाटेनं मसणात.

फळी निखाऱ्याला टेकवली. कट्ट! चीर गेली. उलटली. कट्ट! दुसरीकडून गेली. आणि मागून आवाज आला, "टोकांना शेण लावलंस का रे?"

"को... कोण हाय?"

कोणी नाही! फळी उचलायला गेला, तर उचलेना. तिच्यातून पाणी गळतंय, टप टप टप, निखारे चरचरतायत. नि पलीकडं गुणाजी! उकिडवा, कामाला बसायचा तसा.

"तुझ्यातच पाणी लई झालंय, तात्या. आधी तुला वाळवतो."

धरलं की मनगट! तिरडीच्या बांबूंवर उताणा पाडला. टाळूला शेण. तळपायांना शेण. ओढत नेला आंब्याखाली. "सहा म्हयने. हलायचं न्हाई."

हसू नका रे! परवा भाचीचं लग्न, नि मामा इथं सहा महिने!

"सोडा, मेस्त्री! तुमचाच चेला मी! मांडवात सगळ्यांना सांगीन, ह्ये काम गुणाजी मेस्त्रीनं शिकवलं!"

भूत थबकलं. त्या तडकलेल्या फळीकडं बघितलं.

"माझं नाव? ह्या कामाला?" आणि ढुंगणावर अशी लाथ घातली, की तातोबा ओढ्यापलीकडं! "पळ! माझं नाव घेशील तर बघ!"

मांडवात पोळपाट बाजारचा. व्याही म्हणाले, "मामाच्या हातचा का हो?" तातोबा पत्रावळ्या मांडायला पळाला. बरी जिरली!

म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर त्या ओढ्याच्या वाटेला फिरकू नका. तुम्ही कामाची पोरं, तुम्हाला गुणाजी ठेवून घेईल. ह्याला तेवढं सोडलं. असला चेला मेल्यावरसुद्धा नको होता त्याला.