पाचवं लिंबू

— तो टेप ठेवा बरं खाली, अनंतभाऊ, अन् आधी चहा घ्या. थंडा झाला तं वर साय धरते, मंग म्हणान प्रयागबाईनं पाणी पाजलं. मोजाचा तो पिकअप काही पळून नाही राहिला. कामठीच्या लिलावातला मिलिटरीचा माल आहे तो, त्याले पळवाले चार जणाइचा धक्का लागते! मनोहरराव अन् उत्तरा येतेच आता. कुठं गेले ते सांगतलं नाही — मले नाही सांगतलं, मले! — पण मी सांगते कुठं गेले. त्या लोखंडी टेलरवाल्याकडे, गाडीमागं ओढाचे डबे बनवते तो. दुसरं कुठं जातीन? म्हणून तं तुमाले माह्या ओट्यावर बसवलं. घर त्या नवरा-बायकोचं, मी नुसती शेजारीण, पण चाबी माह्याजवळ राहते, तं मलेही दोन शब्द बोलाचा हक्क आहे का नाही? आहे.

तुमी पडले बस-बॉडीवाले, लकडगंजातले, तुमाले जत्रेची काय खबर. मनोहररावचा फोटोचा धंदा — रामटेक, आदासा, पार महादेवापर्यंत. मागं पडदा टांगाचा, एकावर चंद्र, एकावर विमान, पुढं नवरा-बायको बसवाची, उत्तरा त्याइचे केस विंचरते, पावडर लावते, अन् मनोहरराव म्हणते हासा — का झाला फोटो. दिवाळी आटोपली का निघाले, ते शिवरात्र करूनच येते. अन् झोपतात कुठं? त्या पिकअपखाली, ताडपत्री बांधून! मागच्या साली आदास्याले एक गाय आली अन् रातभरात अख्खा चंद्र चाटून गेली — हासू नोका, अख्ख्या जत्रेले विमानात बसा लागलं मंग! तवा मनोहरराव म्हणे, बस झालं, आता पिकअपमागं घरच जोडतो, चाकावरचं. चूल आत, पडदे आत, माणसंही आत.

अन् ते तुमचं पाचवं चाक! त्याची गंमत झाली ना. मनोहरराव गल्लीभर सांगे, पाचव्या चाकाचा टेलर घेऊन राहिलो. मी म्हटलं घेत असंल बाप्पा, आपल्याले काय. तुमच्या माणसानं पिकअपमंधी काहीतरी बसवलं, तं मी ताट घेऊन हजर — हळद, कुंकू अन् पाच लिंबं. चार चाकाखाली चार ठेवले. पाचवं हातात, अन् मी गाडीभोवती फिरून राहिली, फिरून राहिली, पाचवं चाक कुठं गेलं वं उत्तरा? खाली वाकून पाह्यलं, स्टेपनीले कुंकू लावलं, अन् मनोहरराव हासता हासता फाटकाले धरून बसला! मंग दाखवली ती तबकडी. मागच्या हौद्यात बसवलेली, पोळपाटासारखी गोल. टेलरची मान म्हणे तिच्यावर येऊन बसते, वजन सारं मागच्या चाकाइच्या डोक्यावर, म्हणून टेलर शेपटी हालवत नाही. ते चाक रस्त्याले लागत नाही, फिरत नाही, हवा भरा लागत नाही, पण वळाचं म्हटलं का सारं त्याच्यावरच. मी म्हटलं, अवं माय, हे तं मीच झाली! ते लिंबू तेवढं राहिलं. उत्तरा म्हणे, टेलर बसंल तवा फोडू. ते काय कोनाड्यात, सुकून राहिलं.

— टेप इकडे काहून आणून राहिले? तुमाले सारे टेलर म्हणते, म्हणून काय तुमी कपड्याचे टेलर झाले का, भाऊ? मले पोलकं नाही शिवाचं! बसा.

तं मुद्दा असा, का टेलर हलका पाहिजे. हलका, पण चांगला. लोखंडी मजबूत राहते, मी कुठं नाही म्हणते? हत्ती बांधा त्याले! पण त्या पिकअपचा दम केवढा? रामटेकच्या चढावर रिकामा असला तरी उसासे टाकते. आतून सागाची चौकट, प्लायवूड, वरून अल्युमिनियमचा पत्रा, सांधे असे का पाण्याचा थेंब नाही गेला पाहिजे — मले सारं समजते. तुमच्या कारखान्यात येऊन पत्रे ठोकून पाह्यले मी, टरबूज पाहावं तसे. तुमी जेवाले गेले होते. चांगला आहे तुमचा माल, आवाज भरीव येते. लोखंडी घेतला तं दोघाइच्या वर चिमणी नाही बसत त्यात. हलका असला तं एखादं माणूस… एखादं लहानसं…

पाहू नोका असे. मी लहानशी नाही, दिसते मले. पण कमी झाली! रातचा भात सोडला. नत्थूच्या लाकडाच्या टालवर जाऊन काट्यावर बसते — एका पारड्यात बाभळीचे ओंडके, एका पारड्यात मी. आधी तीन लागत होते, आता अडीच लागते! नत्थू मेला म्हणते, काकी, फाडून देऊ का अख्खी नेता?

निघालंच तोंडातून तं ऐका आता. माहा मालक देवाघरी गेला, पोरगा भिलाईले राहते. त्याच्या घरी नळ आहे, पंखा आहे, पण तिथं मले कोणी प्रयागबाई, चाबी ठेवा, नाही म्हणत. अन् हे दोघं गेले का हे घर बंद. रोज सांजले मी कुलूप काढते अन् लाइट लावून देते — चोराले वाटावं माणूस आहे म्हणून. चोर काय नेईन तिथून, गायीनं चाटलेला चंद्र? मंग मी माह्या ओट्यावर येऊन बसते अन् त्याइच्या खिडकीकडे पाहते. का आहेत बाप्पा घरी.

मले कोणी चला म्हटलं नाही, भाऊ. मीही विचारलं नाही. विचारलं अन् ते नाही म्हणाले, तं मंग कोण्या तोंडानं चाबी ठेवू? तुमी फक्त हलका करा. अन् कोपऱ्यात एक फळी जास्तीची ठोकून द्या, चुपचाप, सामानाची म्हणून. सामान म्हणूनच जाईन मी. डबे भरून ठेवले आहेत.

आँ? काय म्हणता? लोखंडवाल्याकडे नाही गेले? मंग? — गादीवाल्याकडे. अरे वा. घ्यावं ना, नव्या घरात नव्या गाद्या… किती? तीन? दोघाले तीन गाद्या काहून पाहिजे गा? पाहुणा येणार आहे का त्या टेलरमंधी?

फळीची लांबी? मापाशिवाय फळी कशी कापू — हो, खरं आहे, पण कोणाचं माप? उत्तरानं सांगतलं? काय सांगतलं? ‘बोलण्यात गुंतल्या का तशाच मोजून घेजा’?

…

ते लिंबू द्या बरं कोनाड्यातलं. राहू द्या. नाही, द्या. पदरात बांधून ठेवते.

घ्या, उभी राहिली मी. अंबाडा धरून मोजा, झोपताना मी सोडत नाही तो. अन् मोजा आता गुपचूप — किती बोलता बाप्पा तुमी!