जाळीदार जोड

वेल्डिंग या विषयात मी एम.टेक. आहे, हे नेऱ्याच्या काशिनाथशेठना मी दोनदा सांगितले, तिथेच चुकलो. त्यांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमधील कारागिरांना शिकवण्याचे काम मला हवे होते. शेठ म्हणाले, “आधी एक जोड मारून दाखवा.”

उकडत असल्याने मी पंखा स्वतःकडे वळवला. तारेचा वेग, टॉर्चचा कोन, वितळत्या धातूला हवा लागू न देणारा गॅस, सर्व सविस्तर समजावले आणि जोड मारला. त्यावर छिद्रेच छिद्रे.

“जाळीदार घावन झकास झालाय, सर,” शेठ म्हणाले. “पन आमाला गेट जोडायचाय.”

“गॅस संपला असावा,” मी सावधपणे म्हणालो.

“ग्यास हाय. तुमच्या पंख्यानं उडवला.” पंखा बंद करून त्यांनी कारागिराला हाक मारली. “सरांना जरा शिकव. आनि घाम पुसायला फडका दे.”